खाडीच्या मधोमध दिलेला नकार

तीर्थस्वरूप ऑर्फेलिना वन्संना,

क्लोरिंदाचा शिरसाष्टांग नमस्कार (गुडघ्यांमुळे आठांतली सहाच अंगं टेकली आहेत, उरलेली दोन भेटीत टेकवीन). कंबर कशी आहे? लसूण काढून झाला का? डुक्कर अंग धरतंय ना? इकडे मी खुशाल आहे, म्हणजे मंगळवारी सकाळपर्यंत होते. बसने पाऊण तासाची वाट, मग पत्र कशाला, असं तुम्ही म्हणाल. तर तुमच्यासमोर बसलं की माझी वाचा बसते, आणि कुणी तिखटमीठ लावून तुमच्या कानावर घालण्याआधी खरं काय ते माझ्याकडूनच कळलेलं बरं.

पलीकडच्या किनाऱ्यावरच्या नोल्बेर्तोने (तोच विधुर, ज्याला तुम्ही 'चिवट' म्हणाला होतात) नोव्हेंबरात मला लग्नाचं विचारलं. तुमच्या भावाला, माझ्या बालदोमेरोला, जाऊन सहा वर्षं झाली. माणसाबद्दल माझी तक्रार नाही. घोरतो म्हणतात, पण ते ऐकीव. सगळं अडलं घरावर. त्याची होडी, जाळी, बटाट्याचं शेत सगळं तिकडे, तो किनारा सोडणार नाही. आणि मी हे घर सोडणार नाही. बालदोमेरोने फळी न् फळी स्वतः ठोकलेलं घर, चौतीस वर्षं रोज मी पेटवलेली चूल, ते कुलूप लावून दुसऱ्याच्या दारात जायचं? शेवटी ठरवलं, स्पष्ट नकार द्यायचा. पण द्यायचा कुठे? आपल्या गावात स्वयंपाकघरात शिंकलं तर देवळात 'देव भलं करो' म्हणतात. म्हटलं, खाडीच्या मधोमध देऊ.

त्याची लेक यास्ना सुट्टीवर आलेल्यांना कयाक नावाच्या अरुंद होडीतून समुद्रातले प्राणी दाखवते. सध्या सान्तियागोची मंडळी पाऊस थांबायची वाट बघत तीन दिवस खानावळीत बसून आहेत (बिचाऱ्यांना आपल्या चिलोए बेटाच्या पावसाबद्दल कुणी काही सांगितलेलं दिसत नाही), त्यामुळे कयाक रिकामे. शाळेला सुट्टी म्हणून तिथल्या स्वयंपाकघरातला माझाही डाव रिकामा. एकसष्ट वर्षं समुद्राकाठी काढली, पण असल्या शेंगेत कधी बसले नव्हते. बाप-लेकीने मिळून मला पोत्यात बटाटे ठासावेत तशी ठासली. वर पाणी आत येऊ नये म्हणून कमरेभोवती रबरी घागरा. नोल्बेर्तोने स्वतःचा मात्र घातला नाही. म्हणाला, "सहासष्ट वर्षांत घागरा नेसलो नाही, आता काय नेसतो?" (सगळ्याचं मूळ इथे आहे, लक्षात ठेवा.) मी पुढे, तो मागे. पुढच्याला मागचा दिसत नाही. नकार द्यायला याहून सोयीची बैठक नाही.

पाऊस अगदी मन लावून पडत होता. खडकावरचे पाणकावळे त्यातच पंख पसरून वाळत बसले होते. काळ्या मानेचे हंस आमच्याकडे बघून बाजूला सरकले. दोन डॉल्फिन शेजारी येऊन फुर्र करून गेले, तेव्हा तर मी कशाला आले तेच विसरले होते. मग आठवलं, आणि तीन दिवस मांजरासमोर पाठ केलेलं भाषण सुरू केलं. सुरुवात होते न होते तोच होडीला मोठा हेलकावा बसला. वाटलं, दुःख झालं असेल. मी चालूच ठेवलं. मागून एक लांब उसासा आला, माशाच्या वासाचा. मन द्रवलं हो! मग चक्क मचमच खाण्याचा आवाज यायला लागला. मागे दोरीखाली मी धुरावलेल्या कालवांची माळ बांधून ठेवली होती. मी इथे याच्या आयुष्याची वाट लावतेय आणि हा खातोय! संतापाने मान वळवली.

मागे नोल्बेर्तोच्या उघड्या जागेत सीलायन बसला होता. मिशांना कालवं लागलेली, डोळे माझ्याकडे, एवढ्या लक्षपूर्वक माझं बोलणं चौतीस वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं (बालदोमेरोने माफ करावं). आणि होडीच्या शेपटाला, बर्फासारख्या पाण्यात, गळ्यापर्यंत बुडालेला नोल्बेर्तो.

"हलू नका, क्लोरिंदाबाई," तो हळूच म्हणाला. "तुम्हाला पोहता येत नाही. हे धूड दचकलं तर होडी उलटेल. तुम्ही आपलं बोलत राहा."

"तुम्ही सगळं ऐकलंत?"

"शब्द न् शब्द. फक्त तो घराचा भाग परत सांगा. तेव्हा मी पाण्याखाली होतो."

वन्सं, तुम्हीच बघा. माझी होडी उलटू नये म्हणून हा माणूस, तोंडातून अवाक्षर न काढता, स्वतःला मिळणारा नकार ऐकत पोहत होता. मी घराचा भाग परत सांगितला, रडत सांगितला. त्याने पाय मारत होडी किनाऱ्याकडे ढकलली. तो पाहुणा बिशपसारखा बसून आला आणि खडक लागताच आभार न मानता उतरला.

माझ्या चुलीपाशी त्याला शेकवलं, रस्सा पाजला. पण काळजी नसावी. मी शब्द फिरवलेला नाही. घर सोडणार नाही म्हणजे नाही. तुमच्या भावाच्या घराची अब्रू मी राखली आहे.

तुमची भावजय,
क्लोरिंदा

ता. क. तुम्ही विणलेली बालदोमेरोची लोकरी विजार नोल्बेर्तोच्या अंगावर आहे. घोट्याच्या चार बोटं वर राहते. परत मागायला जीव होत नाही.

ता. क. २. रस्सा संपवून तो म्हणाला, "घर सोडू नका. घेऊन या." मला बाई सुचलंच नव्हतं! फिदेल मामांचं घर आपण सगळ्यांनी मिळून नेलं होतं, तसंच: खाली ओंडके, पुढे बैल, भरतीला पाण्यात लोटायचं आणि होड्यांनी ओढत पलीकडे. येत्या शनिवारी उधाण आहे. होड्या ठरल्या, ओढणाऱ्यांच्या जेवणाला मेंढा ठरला, फक्त बैल कमी पडतात. तुमच्या तिन्ही जोड्या पाठवाल का? चूल पेटती ठेवूनच नेणार आहे.

ता. क. ३. बैलांबरोबर तुम्हीही या, आणि दोर लागला की पहिली हाक तुम्हीच द्या. तुम्ही नाही आलात तर लोक म्हणतील, ऑर्फेलिनाची भावजय पळून गेली, आणि जाताना घरसुद्धा घेऊन गेली.