मिनिटाला आठ शब्द

२ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ७.४०
हॅम रेडिओ सुरू. म्हणजे निर्णय झाला. लायसन्सच्या परीक्षेचा फॉर्म भरून टाकला. खालची ग्रेड मोर्स कोडशिवाय मिळते, पण खालच्या ग्रेडवर समाधान मानणारी माणसं वेगळी. मला जनरल ग्रेड. त्यात मोर्स मिनिटाला आठ शब्द, पाठवायचेही आणि ऐकून लिहून घ्यायचेही. परीक्षा डिसेंबरच्या शेवटी. मी तीस दिवसांत तयार. जानेवारीत अर्जेंटिनाशी बोलणार.
उत्तराला सांगितलं. बायको असून कौतुक नाही, एकच विचारलं, तिथं आपलं कोण आहे?

४ नोव्हेंबर
बझर आणला, त्याला दाबायची मोर्स-की जोडली. छोटा पीं म्हणजे ठिपका, लांब पीं म्हणजे रेघ. सगळी अक्षरं एवढ्यातच. आपण मराठीच पाठवायचं, इंग्रजी अक्षरांत. हॉलमध्ये उत्तराची सिरियल, म्हणून सराव बाल्कनीत. पाठवणं फारच सोपं निघालं. घेणं उद्यापासून.

५ नोव्हेंबर
घेणं उद्यापासून.

९ नोव्हेंबर, रविवार
गच्चीवर अँटेना लावली. वीस मीटर तार, एक टोक जिन्याच्या खोलीला, दुसरं टाकीमागच्या पाइपला. उंची कमी पडत होती म्हणून टाकीवर चढलो. झाकण तडकलं. तडकलं म्हणजे दोन तुकडे झाले. नागपूरच्या उन्हात प्लॅस्टिक सडतंच, त्यात माझा पाय हे निमित्त. तुकडे जुळवून ठेवले. दुरून कळतही नाही.
अँटेना मात्र फर्स्ट क्लास.

१२ नोव्हेंबर
टाकीत कबुतर पडून मेलं. सकाळी नळाला वास. अख्खी बिल्डिंग खाली जमली. सोसायटीचे अध्यक्ष श्रीधरराव झाकणाचे तुकडे हातात घेऊन उभे. लहानूला विचारलं. लहानू आमचा चौकीदार, वाडीहून सायकलवर येतो, टाकीही तोच धुतो. तो म्हणाला, "म्या नाही तोडलं साहेब." श्रीधरराव म्हणाले, मग कोणी? सगळे गप्प होते म्हणून मी म्हटलं, माकडं असतील.
मी माकडांचं नाव घेतलं, लहानूचं नाही. नोंद असावी.

१४ नोव्हेंबर. सकाळी १०.३०, सुटी टाकली
सरावात एक शोध लागला. पुस्तकातली वाक्यं पाठवायला हात वळत नाही. मनातलं पाठवलं की कसा भराभर चालतो! आणि या बिल्डिंगमध्ये मोर्स कोणाला येतो? कोणालाच नाही. म्हणजे भर बाल्कनीत बसून काहीही बोला.
आज पाठवलं: श्रीधरराव म्हणजे रिकामा ड्रम. मग: उत्तराच्या वांग्यात मीठ जास्त. मग: टाकीचं झाकण मी तोडलं. हे तीनदा. शेवटी बरंही वाटलं. स्पीड वाढला म्हणून.
खालच्या बाल्कनीत इंदूबाई शेंगा सोलत होत्या. वय एकोणऐंशी, एकट्या असतात. वाकून विचारलं, आवाजाचा त्रास होतो का? म्हणाल्या, "नाही गा, चालू दे. करमते मले." बिचाऱ्या. त्यांना पाखरू वाटत असेल.

१७ नोव्हेंबर
नवा त्रास. मी वाजवणं थांबवलं की खालून टकटक सुरू होते. इंदूबाई चमच्यानं बाल्कनीची ग्रिल वाजवतात. दोन दिवस झाले. वयाप्रमाणं होतं असं. उत्तराला म्हटलं, त्यांच्या मुलाला फोन करायला पाहिजे. ती म्हणाली, "तुम्ही दिवसभर वाजवून राहिले, त त्यांनी काहून नाही वाजवायचं?"
आजच्या भाजीत मीठ बरोबर. उत्तरा म्हणते, इंदूबाईंनी सांगितलं की यांना मीठ कमी लागते. माझ्या चेहऱ्यावरून बीपी ओळखलं असणार. जुन्या लोकांना येतं ते.

२० नोव्हेंबर
नोटीस लागली. रविवारी मीटिंग, विषय एकच: लहानूला कामावरून काढणे. हलगर्जीपणा, वगैरे.
गेटवर लहानू थांबला होता. म्हणाला, "साहेब, तुमची अँटेना लागली त्या रविवारी मी उमरेडले होतो, मामाच्या तेरवीले. तुमी गच्चीवर जाता अँटेनासाठी. तुमी सांगा ना त्याहिले." मी म्हटलं, बघतो. तो म्हणाला, "तुमी सांगसान त ऐकतीन."
ऑफिसात काम झालं नाही. घरी दोनच पोळ्या गेल्या. बाल्कनीत बसून पाठवलं: लहानूची नोकरी जाणार. मी तोडलं. मी सांगत नाही. किती वेळा ते मोजलं नाही. अक्षरांमधलं स्पेसिंग पार बिघडलं. खालून टकटक एवढी वाढली की शेवटी ओरडलो, इंदूबाई, जरा शांत बसा!
टकटक थांबली. मग मलाही पुढे वाजवावंसं वाटलं नाही.

२२ नोव्हेंबर
योजना तयार. मीटिंगमध्ये गप्प राहायचं आणि नंतर लहानूला दुसरं काम लावून द्यायचं. वाडीत गोदामं काय कमी आहेत? त्याला घराजवळ पडेल. सायकलची दगदग वाचेल. खरं तर यात त्याचाच फायदा आहे. परीक्षा झाली की लगेच चौकशी करतो.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी २
मीटिंग झाली. जसं झालं तसं लिहितो.
पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. इंदूबाई येऊन माझ्याच शेजारी बसल्या. हातात दोनशे पानी वही. उघडून माझ्या मांडीवर ठेवली. स्वच्छ अक्षर, प्रत्येक ओळीला तारीख आणि वेळ. चौदा नोव्हेंबर, दहा वाजून पाच: श्रीधरराव म्हणजे रिकामा ड्रम. दहा वाजून नऊ: टाकीचं झाकण मी तोडलं. पुढे सगळं. माझ्या चुकलेल्या अक्षरांना खाली रेघ मारलेली.
मी म्हटलं, हे काय?
हळूच म्हणाल्या, "तार ऑफिसात होती मी. अठरा वर्षं मोर्सवर काढली. कानावर पडलं का हात लिहितेच गा. मी काय करू?"
मग ती टकटक?
"तुझ्याशीच बोलून राहिली होती. सांगून टाक, सांगून टाक, म्हणून. आमच्या वेळी पीं पीं नव्हतं, टकटकच होती, मधल्या अंतरावरून समजे. तुले काहीच समजलं नाही का गा?"
तेवढ्यात श्रीधरराव ठराव वाचायला उठले. लहानू गेटपाशी उभा. त्याची बायको कांताबाई पण आली होती, त्याचा डबा धरून. इंदूबाईंनी वही परत घेतली आणि म्हणाल्या, "मी वाचू का तू सांगते? मी वाचलं त ड्रमापासून वाचा लागन."
मी स्वेच्छेनं उभा राहिलो.
म्हटलं, झाकण मी तोडलं. नऊ तारखेला. पाय दिला. लहानू तर इथं नव्हताच.
श्रीधरराव म्हणाले, "अहो, तुम्ही त माकडं म्हणाले होते!" मागे कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले. मीही हसायला लागलो, वाटलं, चला, निभावलं. तर कांताबाई समोर आली. ती हसत नव्हती. म्हणाली, "दहा दिस झाले, यायचा डबा भरलाच वापस येते. अन् तुमी रोज गेटातून यायले हात दाखवून जात होते."
मी दोन्ही हात खिशात घातले.

संध्याकाळी
उत्तराला विचारलं, तुला माहीत होतं का? एवढंच म्हणाली की इंदूबाईंनी तिला मिठाचं तेवढं सांगितलं, तब्येतीची गोष्ट म्हणून. झाकणाचं का नाही सांगितलं, असं तिनं आज विचारलं तेव्हा इंदूबाई म्हणाल्या, ज्याची तार त्यानंच द्यावी.

२४ नोव्हेंबर
नवीन झाकण आणून बसवलं. शिडी लहानूनं धरली. मी तीन वेळा सॉरी म्हटलं, तो खालीच बघत होता. मी उतरताना तो म्हणाला, "पाय इकडे ठेवा साहेब."
अँटेना काढली. सोसायटीचा ठराव, एकमतानं. माझंही मत त्यात धरलं आहे.

२३ डिसेंबर
परीक्षा झाली. पाठवणं: पास. परीक्षक म्हणाले, हात चांगला आहे, भरपूर सराव दिसतो. घेणं: नापास. सगळ्यांची पेन्सिल चालू होती. मी हेडफोन ठीक बसत नाही असं दाखवत होतो.

२८ डिसेंबर, रविवार
आजपासून इंदूबाईंकडे क्लास. स्वतःच जाऊन विचारलं. बझर आणि मोर्स-की त्यांनी कपाटात ठेवून कुलूप लावलं. तीन महिने काही पाठवायचं नाही, नुसतं ऐकायचं.
त्यांनी टेबलावर बोटानं दहा अक्षरं वाजवली, अगदी सावकाश. लहानू पाण्याची मोटर लावायला आला होता, तो दारात उभा राहून बघत होता. मी लिहिलेलं इंदूबाईंनी तपासलं.
दोन बरोबर. दोन्ही E.
E म्हणजे एकच ठिपका.