थंड फोन

४ मार्च, सोमवार
सहाव्या मिनिटाला फोन तापला. पुन्हा! टीव्हीवर खेळायचा गेम — पंचवीस गावं, नदी, डोंगर — सगळा या तळहाताएवढ्या फोनमध्ये कोंबायचाय. आणि फोन तापला की गेम गचके खातो. झाडं निम्मी केली, लांबचे डोंगर धुक्यात झाकले. तरी ये रे माझ्या मागल्या! गुरुवारी साहेबांना दाखवायचंय.

५ मार्च
गेममधलं जंगल दादाने बनवलंय. माझा सख्खा भाऊ, आमच्याच ऑफिसच्या वरच्या मजल्यावर, टीव्हीवरच्या गेमच्या टीममध्ये. आज माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून म्हणाला, "माझ्या जंगलाचं पार टक्कल केलंस की गं!" मी हसले. फोन तापतो हे त्याला सांगायला हवं होतं.

७ मार्च, गुरुवार
केलं. डेमोआधी अर्धा तास फोन पिशवीत गुंडाळून ऑफिसच्या फ्रिजमध्ये ठेवला, कुणाच्या तरी डब्यामागे.
बारा मिनिटं गेम एकदाही अडखळला नाही! साहेब खूश. "बघ, मनावर घेतलं की होतं!" तेराव्या मिनिटाला फोनच्या पाठीला बोट लावून पाहिलं तर कोमट, तसा त्यांच्या हातून काढून घेतला. म्हटलं, चार्जिंग संपतंय.
तेव्हापासून कुणी फ्रिज उघडला तरी मी दचकते. चोराच्या मनात चांदणं!

८ मार्च
साहेबांनी मागून कुणाकडून तरी डेमोचा व्हिडिओ काढून घेतला होता. मला पत्ताच नाही! आज तो मालकांना दाखवायला गेलेत.

११ मार्च, सोमवार
दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेले. दोनदा उगाच पाणी पिऊन परत आले. सरळच लिहिते — नोकरी जाईल म्हणून मला भीती वाटते. रात्री अर्धं जेवण ताटात ठेवून उठले. आई म्हणाली, "कुणाशी भांडलीस का?" नाही म्हटलं.
उद्या सांगायचंच. फार तर काय, मला काढतील.

१२ मार्च
साहेब रजेवर. सुटले, असं वाटलं! त्याची लाजही वाटली.

१३ मार्च
वरच्या मजल्यावरच्या अठराच्या अठरा जणांना आज नारळ दिला. मालक म्हणाले म्हणे, "फोनवर इतकं झकास चालतंय, मग ती टीम पोसायची कशाला?"
दादा सामानाचं खोकं घेऊन माझ्या टेबलाशी आला. "चला, तुझी नोकरी तरी पक्की झाली," म्हणाला. डोक्यात टपली मारली आणि जिना उतरून गेला.