आमच्या रांगेतली मधली खुर्ची

प्रिय डेक्लन,

आपला फुटबॉल संघ खालच्या डिव्हिजनमध्ये गेल्यावर वर्षभराचं सीझन तिकीट महाग का व्हावं? हा प्रश्न सध्या मला सगळे विचारताहेत, कारण चाहत्यांच्या संघटनेची मी चिटणीस आहे आणि घरातली पहिली पदवीधर. मला उत्तर येत नाही. क्लब म्हणतो, खाली गेल्यामुळे उत्पन्न घटलं, म्हणून तीस पौंड वाढवले. हिशेब बरोबर असेल, पण माझं समाधान होत नाही.

शेवटच्या मॅचचं तुला कळलंच असेल. शिट्टी वाजली तेव्हा कुणी रडलं नाही, कुणी शिव्याही घातल्या नाहीत. हिल्डाकाकूंनी मागच्या रांगेतून पेपरमिंटची पुडी पुढे केली. बाबांनी एक गोळी घेतली, मग पुडी तुझ्या रिकाम्या खुर्चीवरून माझ्याकडे आली. गोळी विरघळेपर्यंत आम्ही बसून राहिलो. मला काहीच वाटत नव्हतं. काहीतरी वाटायला हवं, एवढंच कळत होतं.

घरी येताना बाबा म्हणाले, "जुन्या खुर्च्या शुक्रवारपर्यंतच राखून ठेवणार आहेत. विसरू नकोस. तिन्हींचे पैसे भर." ऑनलाइन सगळं मीच करते, तुला माहीत आहे. तू कॅनडात, कॅलगरीला गेल्यापासून दर वर्षी ते हेच म्हणतात, आणि दर वर्षी मी तुझ्या नावाचंही तिकीट काढते. तुझ्या खुर्चीवर बाबांचा कोट असतो. कुणी नवख्याने विचारलं तर "पोरगा आहे, कामावर अडकलाय" म्हणतात. जसा काही तू बाहेर गाडी लावायला जागा शोधतोयस. यंदा त्यांना बॉयलर दुरुस्तीची कामं कमी मिळाली आहेत. दोन खुर्च्या जमतील, तिसरीसाठी आईबरोबर उन्हाळ्यात समुद्रावर जाणं सोडावं लागेल. आईने काही विचारलं नाही, मॅचचा विषय निघाला की ती बागेत जाते.

आणि मला ते ठाऊक होतं, जे तू फक्त मला सांगितलं होतंस. तू तिकडे घर घेतलंयस आणि आता परत येणार नाहीस. "योग्य वेळ बघून बाबांना सांग," म्हणालास. मार्चपासून मी योग्य वेळ बघत होते. आधी संघ वाचेल की नाही याची धाकधूक होती. मग तो वाचला नाही, आणि त्या दिवशी तर कसं सांगणार?

बुधवारी बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये आपल्या लोकांची सभा होती. मी ठराव मांडला: क्लब वाढ मागे घेईपर्यंत कुणीही तिकीट काढायचं नाही. मी मनापासून बोलले. क्लब मालकाचा नाही, आपला आहे, असं म्हणाले. मला अजूनही ते खरं वाटतं. बसचालक टेरी उठला. "अगं पोरी, सूप थंड मिळालं म्हणून हॉटेलवाला बिल वाढवतो का? मी तुझ्याच बाजूने आहे." लगेच हिल्डाकाकू कडाडल्या, "तू गप रे! मागच्या वर्षी अर्ध्या मॅचेसना आलाच नाहीस. माझ्या नवऱ्याच्या अस्थी त्या गोलमागे पुरल्यात. शुक्रवारी मी पैसे भरले नाहीत तर त्याच्याजवळ कोण बसणार, तुझी बस?" हॉलभर हशा पिकला. टेरी म्हणाला, "काकू, बस तरी वेळेवर येते, आपला सेंटर फॉरवर्ड येतो का?" पुन्हा हशा. कुणी तरी मला विचारलं, "विद्यापीठात शिकवतात का हे, आपल्याच क्लबला उपाशी ठेवायचं?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं.

तेवढ्यात टेरीने बाबांना हाक मारली. "फ्रँक, तू सांग. तुझीच पोरगी आहे, पैसे भरणार की नाही?" बाबा खुर्चीतून उठलेही नाहीत. म्हणाले, "मला काय विचारतोस! मी तीन खुर्च्यांचे पैसे भरतो, त्यातली एक कोटासाठी. कोट काही तक्रार करत नाही." सगळे हसले, बाबाही हसले. मग हसणं थांबलं, आणि बाबांचं तोंड मात्र तसंच राहिलं, हसरं. मी खाली बसले. माझा ठराव पडला, थोड्याच मतांनी. मला त्याचंही काही वाटलं नाही.

बाहेर आल्यावर व्हॅनमध्ये बाबांनी किल्ली लावली, पण फिरवली नाही. मी सांगितलं. डेक्लनने तिकडे घर घेतलंय, बाबा. तो राहायला परत येणार नाही. त्यांनी काचेतून समोरच्या भिंतीकडे बघत विचारलं, "किती खोल्यांचं?" मी म्हटलं, तीन. "बरं," म्हणाले. मग व्हॅन सुरू केली आणि घरापर्यंत नवीन गोलकीपरबद्दल बोलत राहिले. त्याचे हात लहान आहेत म्हणे. घरी आल्यावर ते आईजवळ बागेत गेले. मी खिडकीतून पाहिलं. ते बोलत होते की नुसतेच उभे होते, कळलं नाही.

हे फोनवर सांगता आलं असतं, पण तू मध्येच म्हणाला असतास, थांब, खुर्ची ठेव, मी पैसे पाठवतो. तू खरंच पाठवले असतेस, आणि बाबांनी अजून एक वर्ष वाट पाहिली असती. म्हणून तुला न विचारता केलं आणि आता कळवतेय. गुरुवारी दुपारी मी दोनच तिकिटं काढली. माझी कडेची खुर्ची सोडून दिली. बाबांशेजारच्या तुझ्या खुर्चीवर आता माझं नाव आहे.

तुझीच,
मेव्ह