बाबांच्या पेरूच्या तीस फांद्या

१९ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. दोन्ही मुली मजेत असतील. माझा गुडघा सोडला तर इथे सगळं ठीक.

परवा पुन्हा विचारलंस, "ताई, बाबांच्या पेरूचं रोप कधी देतेस? फाटकाशी लावायचंय." फाटकाशी! ज्या झाडासकट जागा विकलीस, ते आता शोभेला हवं? लहानपणापासून मला भोंगा म्हणतोस ना, मग ऐक.

झाड पाडण्याच्या आदल्या दिवशी मी तीस कोवळ्या फांद्या कापून आमच्या रोपवाटिकेत आणल्या. पेरूची कलमं भारी हट्टी. पानं अर्धी छाटायची, वाळूत लावून तुषारांखाली दमट ठेवायची, खालून ऊब द्यायची. आणि त्याआधी बुडखा पाच सेकंद संजीवकाच्या द्रावणात बुडवायचा. प्रमाण बरोबर असेल तर मुळं सुटतात. जास्त झालं की बुडखा जळतो. वीस वर्षं हे मी लोकांना शिकवतेय.

महिन्याभरात पालवी फुटली. मी तुला फोटो पाठवला. "जगली!" म्हणून मुली नाचल्या म्हणे. अरे, पालवी फांदीतल्या शिदोरीवरही फुटते, खाली एक मूळ नसलं तरी. मला ते ठाऊक होतं. तुला खूश राहू दिलं.

काल सगळी उपटली. तीसच्या तीस बुडखे काळे. कामावरच्या बाई हळहळल्या, "द्रावणात कुणाची तरी चूक झाली, ताई."

चूक नव्हती. बाबा शेवटचे अकरा दिवस दाराकडे बघत होते. "धाकटा निघाला का?" मी रोज सांगायचे, निघाला. तू तेव्हा जागेला गिऱ्हाईक शोधत होतास. पुढे मी द्रावण कालवत असताना तुझा फोन आला, "दोन रोपं माझी हं, विसरशील!" मी दहापट संजीवक ओतलं. तुला एकही मिळू नये म्हणून स्वतःसाठीही ठेवलं नाही.

आता ते झाड जगात कुठेच नाही. हे मी केलं. रडले नाही, आणि तूही माझ्यापाशी रडू नकोस.

खोक्यात तीसही फांद्या पाठवतेय. कुंडीत खोचल्यास तर चार दिवस हिरव्या दिसतील. मुलींनी विचारलं, "मूळ धरलं का?" तर रोज म्हण, धरतंय. मला जमलं, तुलाही जमेल.

तुझी सख्खी,
ताई