तक्रारीची प्रत

सोमवार, ४ मार्च

पोहोचले एकदाची. विमानतळाच्या दारात माझ्या नावाची पाटी धरून दोघे उभे दिसले आणि हसूच आलं. वीस वर्षं बॉयलर दुरुस्त करत फिरतेय, स्वतःची बॅग कधी कुणाला उचलू दिली नाही, आणि आता थेट दोन अंगरक्षक. कंपनीचा नियमच आहे, या शहरात परवानाधारक रक्षकांशिवाय पाऊल टाकायचं नाही. त्यातल्या थोरल्याच्या गळ्यात परवान्याचं कार्ड होतं, त्यावरचा फोटो पाण्यानं पार पुसलेला. बोलणं मऊ, शिस्त कडक, म्हणून मनातल्या मनात त्याला हेडमास्तर म्हणायला लागले. दुसरा ड्रायव्हर. हॉटेल धोक्याचं आहे असं सांगून त्यांनी मला तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटवर आणलं. खोली स्वच्छ, गादी जाड, पंखा आवाज न करणारा. मोबाईलवरून माग काढतात म्हणून तो बंद करून हेडमास्तरकडे दिला. घरी आणि ऑफिसात तोच कळवणार आहे. उद्या साबणाच्या कारखान्यात नवा बॉयलर सुरू करायचा. शनिवारी घरी येते असं लेकीला सांगून निघालेय.

मंगळवार, ५ मार्च

सात वाजता बूट घालून तयार. हेडमास्तर म्हणाला, आज रस्ता बरोबर नाही. किती वेळ, विचारलं तर म्हणे सांगता येत नाही. मग ताजं वर्तमानपत्र हातात देऊन माझा फोटो काढला, तारीख नीट दिसली पाहिजे म्हणून दोनदा. एजन्सीत रोजची हजेरी अशीच लागते म्हणे. मी काय शाळेत आहे? दिवसभर हत्यारांची पेटी पुसत बसले. सगळे पाने दोनदा पुसून झाले. खिडकीला बाहेरून फळी ठोकलेली आहे, त्यामुळे बघायलाही काही नाही.

बुधवार, ६ मार्च

पुन्हा तेच. रस्ता बरोबर नाही, फोटो, पचपचीत चहा. आमचे हे निघताना बजावत होते, तिथे कुणाशी वाद घालू नकोस. घातला. म्हटलं, मला काम करायला पाठवलंय, कोंडून ठेवायला नाही. हेडमास्तरनं अगदी शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, तुम्ही जिवंत राहणं एवढंच माझं काम आहे," म्हणाला.

तिकडे बॉयलर थंड पडलाय आणि बोल मलाच लागणार. ऑफिसशी बोलायचंय म्हटलं, तर त्यांचा निरोप आलाय म्हणे, थांबा. निरोप दाखव म्हटलं तर उठून गेला. फ्लॅटच्या दाराला कुलूप, किल्ली त्याच्या खिशात.

गुरुवार, ७ मार्च

आता माझंही डोकं फिरलं. हेडमास्तर आंघोळीला गेला तेव्हा कार्ड खुर्चीवर राहिलं होतं. परवाना क्रमांक वहीत उतरवून घेतला. मागच्या बाजूला तक्रारीसाठी नोंदणी कार्यालयाचा नंबर छापलेला. स्वयंपाकघरात डब्यांच्या कपाटामागे जुना फोन सापडलाय, चालू आहे, पण शहराबाहेर लागत नाही. कारखान्याचा नंबर मोबाईलमध्ये. मग दुपारी दोघे जेवून बाहेरच्या खोलीत आडवे झाल्यावर कार्यालयाला फोन लावला. पाऊण तास नुसतं संगीत. मग एक कारकून आला, त्यानं क्रमांक तीनदा विचारून घेतला. कामावर जाऊ देत नाही, मोबाईल देत नाही, उद्धट आहे, चहासुद्धा धड देत नाही, असं सगळं लिहून घ्यायला लावलं. उद्या फोन करा म्हणाला. फार बरं वाटलं.

शुक्रवार, ८ मार्च

कारकून म्हणाला, तक्रार दाखल होत नाही. मी भडकले. का नाही? तर ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो माणूस हयात नाही. सोमवारी सकाळी विमानतळाच्या वाहनतळावर तो आणि त्याचा जोडीदार, दोघे मेलेले सापडले.

मी उतरले त्याच्या तासभर आधी.

पोलिसांना कळवा म्हटलं, इथला त्यांचा नंबर मला ठाऊक नाही. ते आमच्याकडे येत नाही, जोडून देतो म्हणाला. पत्ता काय? पत्ता मला ठाऊक नाही. पुन्हा संगीत. मग तेही बंद.

ते फोटो हजेरीचे नव्हते. वर्तमानपत्र हातात, तारीख दिसेल असं — आमच्या ह्यांना दाखवायला, पैसे मागताना. लेकीनंही पाहिले असतील का?

शुक्रवार, दुपार

परत लागला. तोच कारकून. संबंधित विभाग जेवायला गेलाय. पत्त्याशिवाय काही होत नाही. रडू नका म्हणाला. आणि वर सांगतो, नियमाप्रमाणे तक्रारीची प्रत, ती दाखल होवो न होवो, रक्षकाच्या नोंदलेल्या मोबाईलवर आपोआप जाते. आत्ताच गेली. मेलेल्या माणसाच्या मोबाईलवर.

तो मोबाईल कुणाकडे —

बाहेरच्या खोलीत वाजला.

शुक्रवार

स्वयंपाकघराला आतून कडी. कपाट दाराला लावलंय. लिहून ठेवते, वही कुणाला तरी सापडेल.

हेडमास्तर दाराबाहेर उभा राहून वाचतोय. माझी तक्रार. सावकाश. चहाचंसुद्धा. म्हणतो, ताई, हे मला सांगायचं होतंत.

कडी हलतेय —

पत्ता कुणाला दिला, एवढंच विचारतोय. पुन्हा पुन्हा तेच. कुणालाच नाही, हे खरं सांगितलं तर मला कुणी शोधत येणार नाही, हे त्याला कळेल. आणि पोलिसांना दिला म्हटलं, तर आत्ताच