ससाणा की कोंबडी

१७ नोव्हेंबर, सोमवार

आज पुन्हा कारखान्यातली लाईन बंद. यार्डात तयार गाड्या प्लास्टिक पांघरून रांगेत उभ्या आहेत. गिऱ्हाईक नाही. दुपारी साहेबांनी सगळ्यांना कॅन्टीनमध्ये बोलावलं. मला वाटलं, आता माणसं कमी करणार. तर म्हणाले, लोगो बदलायचा विचार आहे. मुंबईची एक एजन्सी म्हणते, तुमची बॅटरीवरची गाडी चांगली आहे, चेहरा जुना वाटतो. तीन जणांची समिती केली. विक्रीचे कुलकर्णी, पेंटशॉपचे फिरोजभाई, आणि मी.

"मी कशाला, साहेब?"

"सहा वर्षं लोगोचा बिल्ला तूच लावतेस. तुझ्याइतका कुणी पाहिलाय?"

खरं आहे. लाईनवरचं शेवटचं टेबल माझं. गाडी आली की नाकावर बिल्ला दाबायचा, दहा आकडे मोजायचे, फडक्याने पुसायचा, गाडी बाहेर.

घरी शेलार गावात आल्यावर सासूबाईंना सांगितलं. म्हणाल्या, "कंचा लोगो? ती कोंबरी?"

हाच तर घोळ आहे.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घोळ असा. बिल्ल्यावर ससाणा आहे. साहेबांनी स्वतः काढलेला. कंपनी सुरू केली तेव्हा खाडीच्या बांधावर बसले होते, वरून ससाणा सपकन खाली आला, पाखरू घेऊन गेला. त्यांनी तिथेच कागदावर उतरवला. दर दसऱ्याला मशीनची पूजा झाली की ही गोष्ट सांगतात, आणि आम्ही माना खाली घालून ऐकतो. कारण इथपासून वाडा तालुक्यापर्यंत आपल्या गाडीला ससाणा कुणीच म्हणत नाही. कोंबडी म्हणतात. गॅरेजवाले म्हणतात, "कोंबडी उद्या घेऊन जा." आम्हीसुद्धा म्हणतो. साहेबांना एवढ्या वर्षांत कुणी सांगितलेलं नाही.

फि.भाई म्हणाले, "दीदी, कमिटी में आप हो. आप बताओ."

मी म्हटलं, "तुम्ही मोठे आहात."

"इसीलिए तो बचा हुआ हूँ."

२० नोव्हेंबर, गुरुवार

एजन्सीची मुलगी आली. रेवा. सव्वीस-सत्तावीसची असेल. पायात पांढरे बूट, पेंटशॉपमधून फिरून आल्यावर एक निळा. तिने हसून चालवून घेतलं. आवडली मला.

तीन नवे लोगो दाखवले. एक गोल कडी, एक पान, एक नुसत्या दोन तिरक्या रेघा. कुलकर्णींना रेघा आवडल्या. फि.भाई पान बघून म्हणाले, "ये तो चाय की पुड़िया लग रही है." साहेबांना हिंदी टोमणा कळला, पण हसले नाहीत. त्यांचं लक्ष भिंतीवरच्या ससाण्याकडे होतं.

मग रेवाने विचारलं, "लोक गाडीला प्रेमाने काय म्हणतात? काही टोपणनाव?"

सगळे टेबलाकडे बघायला लागले. मी पाणी प्यायले. ग्लास रिकामा होता.

२४ नोव्हेंबर, सोमवार

रेवा सरळ माझ्या टेबलाशी आली. "ताई, परवा काय लपवत होतात?"

सांगून टाकलं. ती बिल्ला हातात धरून बघत राहिली. तिरका केला, उलटा केला, पुन्हा सरळ. मग हसायला लागली ती टायरच्या ढिगावर बसलीच. मलाही हसू आवरेना. सहा वर्षांचं साठलेलं.

"साहेबांना माहीत नाही?"

"नाही."

"मग माझा अख्खा रिपोर्ट खोटा आहे, ताई. मी लिहिलंय, या लोगोला लोकांच्या मनात काही जागा नाही."

शुक्रवारी आमची साप्ताहिक सुट्टी. दोन गाड्या घेऊन वज्रेश्वरीच्या बाजूला जायचं ठरलं. एकीवर जुना बिल्ला, एकीवर तिच्या दोन रेघा. लोक काय म्हणतात ते ऐकायचं. साहेबांनी परवानगी दिली. सासूबाईंना कळल्यावर त्यांनी आपली पिशवी भरली. "मना कुंडान पाय बुरवाचेत."

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

किती दिवसांनी असा दिवस गेला.

सकाळी सातला निघालो. रेघांची गाडी रेवाकडे, कोंबडी माझ्याकडे, शेजारी सासूबाई, मांडीवर डबा. अंबाडी नाक्यावर चहाला थांबलो. एका काकांनी रेवाच्या गाडीभोवती फेरी मारली आणि विचारलं, "कंच्या बँकेची गाडी? लोन देता का?" रेवाने इमानदारीत वहीत लिहून घेतलं.

अकलोलीत गरम पाण्याच्या कुंडाशी गाड्या लावल्या. सासूबाई पाय सोडून बसल्या, त्या दोन तास उठल्या नाहीत. शेजारच्या बायकांना सांगत होत्या, "माझी सून गारी बनवते." मी नुसता बिल्ला लावते, पण गप्प बसले.

पोरं कोंबडीभोवती. "कोंबडी आली, कोंबडी." एकीने बिल्ल्यावर हात फिरवून नमस्कारच केला. पलीकडे रेघांची गाडी एकटी. रेवा मला म्हणाली, "मला माझ्या रेघांची दया येतेय."

तेवढ्यात आणखी एक आपलीच गाडी येऊन थांबली. जुनी, मातीने माखलेली. आतून एक बाई उतरल्या. वनिता सिस्टर. आरोग्य केंद्रात काम, आजूबाजूचे पाडे त्यांच्याकडे. गाडी स्वतःची. मी बघितलं तर मागच्या दारावर पिवळ्या रंगाची पिल्लं रंगवलेली. एकाखाली एक, वाकड्या पायांची.

"ही कसली?"

"बाळंतपणात अडलेल्या बाया. जितक्या जणी वेळेत दवाखान्यात पोचवल्या, तितकी पिल्लं. पाड्यावरच्या बायाच रंगवतात. बाळाची आई बरी झाली की ब्रश घेऊन येते." मग म्हणाल्या, "रात्री-अपरात्री कोंबडी आली म्हटलं की कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत आता."

मी दाराशी वाकले. एकेक पिल्लू बघत होते. मी दाबून बसवलेला बिल्ला या गाडीच्या नाकावर, आणि मागे हे.

रेवाने विचारलं, "आम्ही लोगो बदलतोय. तुम्हाला काय वाटतं?"

सिस्टरनी मागचं दार उघडून दाखवलं. रबर सुटलेलं, आत पाणी शिरल्याचे डाग, पेटी ठेवायची जागा कुजलेली. "पावसाळ्यात माझी औषधं भिजतात. दोनदा कंपनीला कळवलं. बिल्ला बदला नाहीतर ठेवा, आधी दार नीट करा."

शरम वाटली. पण खरं सांगायचं तर आनंद जास्त होता. येताना सासूबाई झोपल्या, डोकं माझ्या खांद्यावर. रेवा मागून हॉर्न वाजवत आली शेलारपर्यंत.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सांगितलं.

मीटिंगमध्ये रेवाने दाराचं सांगितलं, मग माझ्याकडे बघितलं. मी उभी राहिले. उभं राहायची गरज नव्हती.

"साहेब, लोक गाडीला कोंबडी म्हणतात."

"कुठले लोक?"

"सगळे."

"कधीपासून?"

फि.भाईंनी वर पंख्याकडे बघितलं. मी म्हटलं, "पहिल्या गाडीपासून."

साहेबांनी चष्मा काढला, घातला. "ठीक आहे," म्हणाले आणि निघून गेले. जेवायला आले नाहीत. कुलकर्णी मला म्हणाले, "झालं समाधान?" वाईट वाटलं. त्यांचं बरोबर पण असेल.

१ डिसेंबर, सोमवार

साहेब आले नाहीत. काल रविवारीही नव्हते आले. घरी फोन केला तर बाईसाहेब म्हणाल्या, "माळ्यावरचे जुने कागद काढून बसलेत." फि.भाई म्हणतात माझी नोकरी जात नाही. पण तीनदा म्हणाले.

२ डिसेंबर, मंगळवार

साडेदहाला साहेब माझ्या टेबलाशी. हातात पिवळा पडलेला कागद. तो खाडीवरचा ससाणा. मी पहिल्यांदाच बघितला. काय सुंदर काढलाय. अंगावर येईल असा. साहेबांनी शेजारी बिल्ला ठेवला.

"हा तुरा कुठून आला?"

खरंच. कागदावर तुरा नाही. बिल्ल्यावर डोक्यावर तीन टोकं.

मग स्वतःच आठवून सांगितलं. साचेवाला म्हणाला होता, पिसं इतकी बारीक साच्यात येत नाहीत, तुटतात, थोडी जाड करतो. साहेब तेव्हा बॅटरीच्या मागे धावत होते. न बघता सही केली. "सही माझीच आहे," म्हणाले. बिल्ल्याकडे बघता बघता ओठ हलायला लागले. आधी मला वाटलं रडतायत. हसत होते. आवाज न करता, खांदे हलवत. फि.भाई पेंटशॉपच्या दारातून बघत होते, तेही सुरू झाले. मग अख्खी लाईन.

"दसऱ्याला तुम्ही सगळे कसे काय गप्प बसत होता रे?"

फि.भाई म्हणाले, "साहब, पेड़ा मुँह में रखते थे."

५ डिसेंबर, शुक्रवार

साहेबांना घेऊन सिस्टरकडे. दाराचं नवं रबर आणि एक फिटर बरोबर. साहेब ओट्यावर बसले, फिटरने काम केलं, वर बादलीने पाणी ओतून बघितलं. आत थेंब नाही. सिस्टरनी चहा दिला. साहेबांनी पिल्लं मोजली नाहीत, नुसता एकेकाला हात लावला. एका पिल्लावर बोट ठेवून विचारलं, "हे बाळ कुठे आहे आता?" सिस्टरनी हाक मारली, तर समोरच्या घरातून दीड वर्षाची पोर उघडीवाघडी धावत आली आणि साहेबांच्या धोतराला धरून उभी राहिली. साहेबांनी उचलून घेतली. तिने त्यांचा चष्मा ओढला.

येताना गाडीत म्हणाले, "ससाण्याने एवढं केलं नसतं गं."

८ डिसेंबर, सोमवार

हुकूम निघाला. आधी दार. यार्डातल्या सगळ्या गाड्या परत आत घ्यायच्या, रबर बदलायचं, आधी गाडी घेतलेल्यांना बोलावून फुकट करून द्यायचं. लाईन सुरू. तीन आठवड्यांनी कानात तो आवाज. रेवाने रिपोर्टमध्ये लिहिलं, पहिलं काम लोगोचं नाही. तिचे वरिष्ठ चिडलेत म्हणे. ती म्हणते, चिडू देत.

लोगोचं मात्र समिती ठरवणार.

१० डिसेंबर, बुधवार

कुलकर्णींनी ठाण्याच्या शोरूममध्ये नेलं. "तू पाड्यावरचं बघितलंस, आता हे बघ." म्हटलं चला.

एक बाई आल्या, बँकेत असाव्यात किंवा शाळेत. गाडीत बसल्या, काच वर-खाली केली, आवाज नाही म्हणून खूश. नवऱ्याला फोन करून सांगितलं, मला हीच आवडली. मग पुढे येऊन बिल्ला बघितला. हसल्या. वाईट नाही हसल्या. पण म्हणाल्या, "ही घेऊन ऑफिसला कशी जाऊ? नाव पडेल." आणि गेल्या. आवडलेली गाडी सोडून.

कुलकर्णी टोमणा मारतील वाटलं. नाही मारला. म्हणाले, "आठवड्यात अशा तीन-चार. शहरात विकली तर लाईन चालेल, वैशाली. लाईन चालली तर सिस्टरना रबर मिळेल."

हे मला सुचलं नव्हतं. बसमध्ये मानकोली नाक्यापर्यंत तेच डोक्यात. हा माणूस मला इतके दिवस खडूस वाटत होता. तोही कंपनीसाठीच जागतोय.

१५ डिसेंबर, सोमवार

सासूबाईंना विचारलं. "बदलावा का?"

"कोंबरी बरी हाय. पन मना कुठं गारी घ्याचीय? ज्याला घ्याचीय त्याला इचार."

फि.भाईंना विचारलं. "मेरा वोट मुर्गी को. बाक़ी अल्लाह मालिक."

रेवाने नवीनच काढून आणलंय. कोंबडी नाही, रेघा नाहीत. साहेबांच्या जुन्या कागदावरून, तुरा न घालता. शहरातल्याला ससाणाच दिसेल असं. छान आहे. पण पोरं त्याला काय म्हणतील? कदाचित काहीच नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार

समिती बसली. कुलकर्णी, बदला. फि.भाई, ठेवा. साहेब म्हणाले, मी मत देणार नाही, चित्र माझं आहे, मला दोन्ही गोड वाटतात. मग तिघांनीही माझ्याकडे बघितलं.

मी सांगायला लागले, सिस्टर असं म्हणाल्या, ठाण्याच्या बाई तसं म्हणाल्या, सासूबाई...

साहेबांनी हात वर केला. "ते सगळं ऐकलं. तुझं काय?"

खरंच, महिनाभर मी सगळ्यांचं मत वाहून आणलं, माझं काय ते बघितलंच नाही. सहा वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं, मी पण स्वतःला नाही. इतकं बरं वाटलं की उत्तर द्यायचं राहूनच गेलं.

"उद्या सुट्टी आहे. शनिवारी सांगू?"

"सांग. घाई नाही. फक्त शनिवारी नऊला नव्या गाड्यांची लाईन सुरू होणार, आणि पहिली गाडी साडेदहापर्यंत तुझ्या टेबलाशी येईल."

दोन ट्रे टेबलावर मांडून आले आहे. एकात जुने बिल्ले, एकात रेवाचे नमुने. दोन्हींवरची धूळ पुसली.