सगळ्यांत बाहेरची कड

दांडी, मालवण
२० जुलै २०२५

चि. समीक्षास,

आईचे आशीर्वाद. लिओनलाही. छोट्या लविनाचा दात पडल्याचा फोटो पोचला. हसते अगदी तुझ्यासारखी, एका बाजूने.

मी बरी आहे. पावसात गुडघा कुरकुरतो, पण चालतो. परसातल्या अळवाला यंदा एवढी पानं आलीत की शेजारी वाटूनही उरतात. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर बाबांचा विषय निघाला की तू "जेवलीस काय गो?" विचारतेस, आणि मग मी आमटी कसली केली ते सांगत बसते. म्हणून पत्र.

गुरुदासच्या बॅनर-स्टिकरच्या दुकानात माझं बरं चाललंय. बॅनरवरचा मजकूर वाचून द्यायला म्हणून गेले होते. वाचनालयातली पुस्तकं वाचून वाचून तेवढं यायला लागलं होतं. आता तो मला कॉम्प्युटरवर स्टिकरची अक्षरंही काढायला देतो. फोटोवर पडद्यावरच्या पेनने रेघ ओढायची, मग मशीनचं पातं त्याच रेघेवरून फिरतं. रेघ जशी, तशी कड. सुरुवातीला माझ्या कडा उंदराने कुरतडल्यासारख्या यायच्या. हात चुकेल या भीतीने मी जागोजाग टिंबं द्यायचे. गुरुदास मागे उभा राहून म्हणाला, "काकी, इसवणाची तुकडी करताना सुरी इतक्यांदा थांबयतास काय?"

सुरमई मी एका ओढीत कापते, ते त्याने पाहिलंय. तेव्हापासून टिंबं कमी केली. वळणाच्या सुरुवातीला एक, शेवटाला एक, आणि मधली ओढ हाताने द्यायची. कोपरा आला की ओढायचं नाही, नुसतं टेकवायचं, म्हणजे तो टोकदार राहतो. आता माझी कड स्वच्छ येते. एका हॉटेलवाल्याने तर अक्षरावरून नख फिरवून पाहिलं आणि लगेच पैसे मोजले. म्हणजे आवडलं.

किरण नारळी पौर्णिमेला नवी फायबरची होडी उतरवतोय. आपली लाकडी आता पाण्यात जायच्या लायकीची राहिली नाही. त्याला आपल्या काकाच्या, म्हणजे बाबांच्या, होडीवरची अक्षरं तशीच्या तशी नव्या होडीवर हवीत.

होडीवर कुणाचं नाव आहे ते तुला सांगायला नको. बाबांच्या बाराव्याला तू अंगणात जे म्हणालीस तेही मी विसरलेली नाही. "माणूस नको, तर नाव कित्याक व्हया? पुसून टाका." म्हणून मी किरणला सांगितलं, जिचं नाव आहे तिला विचारल्याशिवाय पातं फिरणार नाही. रेघ तेवढी ओढून ठेवते.

पावसासाठी होडीवर घातलेल्या माडाच्या झापांखाली शिरून मी मोबाइलवर नावाचा फोटो काढला आणि दुकानात जाऊन कामाला बसले. रेघ काही बसेना. अक्षराला एकच कड असते गो, इथे दोन दोन दिसायच्या, 'क्ष'च्या पोटात तर तीन. वाटलं, फोटो काढताना हात हलला. दुसऱ्या दिवशी फळी पुसून परत काढला. तेच. गुरुदास म्हणाला, सावली पडत असेल, एकदा हात लावून बघा.

हात लावला. सावली नव्हती. रंगाचे थर होते, एकावर एक, जरा जरा सरकलेले. बोटाला पायऱ्यांसारखे लागत होते.

बाबली रंगारी शेजारची होडी खरवडत होता. त्याला मी जरा रागानेच विचारलं की दर वर्षी पैसे घेऊन नाव असं वाकडंतिकडं का रंगवलंस. तो खरवडायचा थांबला.

"होडयेक रंग माझो. नाव तुझो घोवच घालायचो. माका म्हणायचो, तू जा, चाय पिऊन ये."

बाबा स्वतः नाव रंगवायचे, मला हे माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्याच होडीची मासळी उतरवून घेतली आणि ताजं नाव बघून म्हणायचे, बाबलीने रंगवलं.

बाबलीने आणखी सांगितलं. तो आधी सगळ्या होडीला पांढरा मारायचा, अक्षरांवरूनही. तेव्हा तुझं नाव पुरतं झाकलं जायचं. मग बाबा बोटाने जुन्या अक्षराचा उंचवटा चाचपायचे आणि त्यावरून निळा ओढायचे. चष्मा लावायचे नाहीत, म्हणून दर खेपेला थोडं सरकायचं.

लिओनशी तुझं लग्न झाल्यावर त्यांनी घरात तुझं नाव घेतलं नाही. तू दारात उभी होतीस तेव्हा "आत ये" म्हणाले नाहीत, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. लविनाला त्यांनी मांडीवर घेतलं नाही. यातलं काही पुसलं जात नाही, आणि तू त्यांना माफ कर असं मी म्हणणार नाही. पण पांढरा लागल्यावर एका वर्षी नाव न घालता नुसतं घरी निघून येणं किती सोपं होतं. ते आले नाहीत. मला एवढंच सांगायचं होतं, आणि त्यासाठी मी अळवापासून सुरुवात केली.

गुरुदास म्हणाला, मधली कड धरा, अक्षर सुबक दिसेल. मी सगळ्यांत बाहेरची धरली. म्हणजे बाबांनी जिथे जिथे ब्रश नेला ते सगळं आत राहील, काही कापलं जाणार नाही. किरण म्हणतो नाव जाड झालं. होऊ दे. कड स्वच्छ आहे.

सोबत तीच रेघ कागदावर छापून पाठवते. घडी अक्षरावर पडू दिलेली नाही. बघ, आणि सांग. नको म्हणालीस तर किरण दुसरं नाव ठेवील, ते मीच काढून देईन आणि तुझ्यावर रागावणार नाही. हो म्हणालीस तर होडी उतरवायला तिघं या. लविनाला तिच्या आईचं नाव वाचता येतं का, ते मला बघायचंय.

एरवी मी नुसतं "आई" लिहिते. आज पूर्ण सही करते. पत्र दोघांकडून आलं असं समज.

सत्यवती काशीराम मेतर